पाटलाचा दरारा

पाटलाला जाऊन दोन वर्षं होत आली होती, पण त्याचा दरारा तसूभरही कमी झाला नव्हता. नाल्यापलीकडून येणारे परके जवान आजही त्याच्या हद्दीच्या झाडांपाशी थबकत, नाक लावून हुंगत, ओठ मागे ओढून दात विचकत आणि थोडा वेळ रेंगाळून मुकाट परत फिरत. पाटील म्हणजे वाघ. मोहडोंगरीच्या डांबरी रस्त्यावर भर मधोमध चालायचा. मागे एसटी येऊन उभी राहिली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून हात टेकले, तरी बाजूला व्हायचं नाव नाही. अशा प्राण्याला लोकांनी दुसरं नाव तरी काय ठेवायचं?

तर हा पाटील एके दिवशी धानाच्या बांधावर मरून पडलेला सापडला. रानडुकरं येऊ नयेत म्हणून कुणीतरी बांधावरून वीज सोडलेली तार ओढली होती, तिच्यावर त्याचा पंजा पडला. तार कुणाची, ते शेवटपर्यंत कुणी बोललं नाही. वनखात्याच्या रिवाजाप्रमाणे त्याचं दहन झालं तेव्हा आंबेडोह गावातल्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी त्याला हयातभर शिव्याच घातल्या होत्या.

चंद्रकला नन्नावरेला मात्र रडायला सवड नव्हती. ती त्या बीटची, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याची वनरक्षक, लोकांच्या भाषेत गार्डबाई. तिच्या मनाने वेगळीच धास्ती घेतली होती. पाटलामागे राहिली होती नकटी, सांबराच्या लाथेने नाक चेपलेली वाघीण, आणि तिची दोन दूधपिती पिल्लं. मालक गेला की मोकळी जागा पाहून नवा नर येतो, आणि आल्या आल्या जुन्याची पिल्लं मारतो. पिल्लं गेली की वाघीण लवकर माजावर येते आणि नव्याचा वंश सुरू होतो. यात दुष्टपणा काही नाही, त्यांची रीतच तशी. पण जी बाई रोज सकाळी नाल्याच्या वाळूत त्या पिल्लांच्या पावलांचे बटणाएवढे ठसे शोधत हिंडते, तिला रीत सांगून काय उपयोग?

अशा वेळी फरहानामॅडम आल्या. डॉक्टर फरहाना काझी, मूळच्या अमरावतीच्या, चष्मा सतत कपाळावर आणि मग घरभर चष्म्याचा शोध. वाघाच्या नाकात वास ओळखणारी जी प्रथिनं असतात, ती प्रयोगशाळेत एका चकतीवर वाढवून त्यांनी कृत्रिम नाक तयार केलं होतं. गेली काही वर्षं त्या वाघांच्या खुणांचे नमुने गोळा करत होत्या आणि त्यांत पाटलाचे भरपूर होते.

चौकीच्या ओट्यावर बसून त्यांनी चंद्रकलेला सगळं समजावून सांगितलं. वाघ झाडावर जो फवारा मारतो ते नुसतं मूत नसतं. त्यात चरबीचा अंश असतो आणि त्या चरबीत वासाचे शेकडो रेणू अडकलेले असतात. त्यांतला एक तर आपल्या चिन्नोर तांदळाला सुवास देणारा. म्हणूनच वाघ नुकता गेलेल्या वाटेवर कुणीतरी भात शिजत घातल्यासारखं वाटतं. मात्र या रेणूंचं एकमेकांशी प्रमाण प्रत्येक वाघाचं वेगळं, अंगठ्याचा ठसा जसा ज्याचा त्याचा. शिवाय हलके रेणू आधी उडून जातात आणि जड मागे राहतात. त्यामुळे झाड हुंगणाऱ्याला दोन गोष्टी समजतात, इथला मालक कोण आणि तो येऊन किती वेळ झाला.

"आता माझा हा डबा," मॅडम म्हणाल्या. डबा शिवणयंत्राच्या पेटीएवढा होता. "याला नाक आहे आणि पिचकारी आहे. आतल्या नळकांड्यांमधून तो पाटलाचा वास हुबेहूब मिसळतो आणि झाडावर मारतो. परक्या नराने त्यावर आपला फवारा मारला, की याच्या नाकाला ते कळतं. मग थोडा वेळ जाऊ देऊन तो त्याच्यावर पुन्हा पाटलाचा ताजा वास मारतो. परक्याला वाटणार, मालक आत्ताच येऊन गेला."

"पन मॅडम, थो तं मेला ना?"

"ते आपल्याला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे?"

चंद्रकला हसली. "म्हंजे चपला हालवत रायच्या," ती म्हणाली.

मॅडमना काही समजलं नाही. तेव्हा तिने त्यांना घराच्या दाराशी नेलं. उंबऱ्याबाहेर चामड्याच्या मोठ्या, पुरुषी चपला होत्या. चंद्रकलेचा नवरा देवराव तापाने गेला तेव्हा त्यांची मुलगी जान्हवी पहिलीत होती. जंगलाच्या तोंडाशी एकाकी क्वार्टर, लहान पोर आणि एकटी बाई. येणारेजाणारे उगाच पाणी प्यायला थांबू लागले. तेव्हा सासूने सांगितलं, दाराशी माणसाच्या चपला असू दे. चंद्रकलेने देवरावच्या चपला बाहेर काढून ठेवल्या आणि आपले बूट मात्र घरात, खाटेखाली ढकलले. पण एकाच जागी पडलेल्या चपलांना कोण भीक घालतो? म्हणून ती त्या रोज हलवायची. कधी तोंड आतल्या बाजूला, कधी बाहेर, कधी एक पालथी. पावसाळ्यात तळाला चिखल फासायची. ऊनपावसाने त्या झिजल्या तेव्हा तिने बाजारातून मेलेल्या नवऱ्यासाठी नव्या चपला आणल्या. त्याही झिजल्या. आता दाराशी होता तो तिसरा जोड.

फरहानामॅडमनी डोळे पुसले. "चंदाताई," त्या म्हणाल्या, "माझं यंत्र तुम्ही फार आधी बनवलंय."

डबे बांधले गेले. नाल्याच्या बाजूला, डोंगराच्या बाजूला आणि वैनगंगा नदीच्या काठाने. आंबेडोह गावाच्या बाजूला मात्र बांधले नाहीत. गावातून कुठला परका वाघ येणार? आणि आपल्या गोठ्याजवळ वाघाचा वास मारून घ्यायला गावकरी तरी कसे तयार होतील? तेव्हा हे सगळ्यांनाच शहाणपणाचं वाटलं होतं.

पहिल्या दिवसांत नकटीने सर्वांना रडवलं. मॅडमनी वासाच्या जोडीला पाटलाच्या डरकाळीचं ध्वनिमुद्रण लावून पाहिलं. ते ऐकून नकटी पिल्लं सोडून धावत आली, जंगल पालथं घालत, हाका मारत फिरली. वास आहे, आवाज आहे, पण तो नाही. शेवटी ती डब्याच्या झाडाशी आली आणि आपला गाल खोडावर घासत राहिली. कॅमेऱ्यातलं ते दृश्य बघून चंद्रकलेने मॅडमना निक्षून सांगितलं, आवाज बंद करा, एवढी फसवणूक बरी नाही. आवाज बंद झाला. वास राहिला.

आणि वासाने आपलं काम चोख केलं. नाल्यापलीकडचा एक दांडगा, काळपट पट्ट्यांचा नर वरचेवर येऊन तपास करून जायचा, पण आत पाऊल टाकायची त्याची छाती झाली नाही. पिल्लं वाढली. मादी चिंधी, लहानपणीच कान फाटलेली, धूर्त आणि आईच्या वळणावर गेलेली. नर बारक्या, जन्मला तेव्हा उंदराएवढा म्हणून हे नाव, आणि पुढे बापाच्याही वर उंची काढली तरी नाव तेच. तो मोरांच्या मागे धावायचा, पाणवठ्यात बसून शेपटीने पाणी उडवायचा, आणि चितळाच्या कळपावर इतक्या लांबूनच झेप घ्यायचा की चितळं त्याच्याकडे बघून मग निवांत पळायची. चंद्रकला कॅमेऱ्यातलं त्याचं रोजचं सोंग जेवताना जान्हवीला दाखवायची. "पाह्य, पाह्य, पुन्हा पडला!" नळकांड्या भरून भरून तिच्या गणवेशाला कायमचा भाताचा वास लागला होता. आठवडी बाजारात लोक विचारायचे, गार्डबाई, आज चिन्नोर शिजवला का?

आता यात चूक कुठे झाली म्हणाल, तर ती प्रेमाने झाली. ठरलं असं होतं, की पिल्लं शिकारीला लागली की वास हळूहळू कमी करत न्यायचा आणि मग बंद करायचा. पण ती वेळ आली तेव्हा उन्हाळा कडक होता. चंद्रकला म्हणाली, पाणी आटलंय, एवढा उन्हाळा जाऊ द्या. मग पावसाळा लागला आणि त्या काळपट नराचा वावर वाढला. तेव्हा मॅडमच म्हणाल्या, एवढा पावसाळा जाऊ द्या. मग बारक्या कुठेसा लंगडताना दिसला. मग थंडी पडली. दोघी शहाण्या बाया, पण दर खेपेला एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या आणि दोघींच्याही तोंडून एकच निघायचं, राहू द्या थोडे दिवस.

होळीनंतर बारक्याने आंबेडोहच्या ताराबाईची गाय मारली. पाठोपाठ एक गोऱ्हा.

रेंजरसाहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी चंद्रकलेला सरळ सांगितलं, "आणखी एक जनावर पडलं की पिंजरा लावायचा आदेश येणार. माझ्या हातात काही राहणार नाही." पिंजऱ्यात गेलेल्या अशा वाघाला पुन्हा जंगल दिसायची आशा फार थोडी. गजांआडची जागा, ठरल्या वेळी मांसाचा तुकडा आणि बघायला येणारी शाळांची पोरं. घरी परतताना चंद्रकलेच्या डोळ्यांसमोरून पाण्यात शेपटी आपटणारा बारक्या हलेना.

मॅडम आल्या तेव्हा जान्हवी स्वयंपाकघरात परातीत तांदूळ निवडत होती. मॅडम तिच्यासमोर पाटावर बसल्या आणि कॅमेऱ्यांनी टिपलेल्या बारक्याच्या वाटा मोबाईलवर बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी परात पुढे ओढली.

"चंदाताई, या वयात बारक्याने कुठे असायला हवं होतं?"

"दूर. आपली जागा पाहात."

"त्याला कोण पाठवतं?"

"बाप," चंद्रकला म्हणाली. "एक दिवस गुरगुरते, अंगावर जाते. पोट्टं समजून जाते का आता अठी आपलं काम नाई."

"याच्यावर गुरगुरायला कुणी नव्हतंच. आपला पाटील म्हणजे नुसता वास. वास काही अंगावर जात नाही." मॅडमनी तांदळात बोटाने गोल काढला. "या गोलाच्या आत त्याचं घर, आई, ओळखीचं सगळं. तरुण झाला, बाहेर जावंसं वाटतं. नदीकडे जातो, तर तिथे बाप आत्ताच येऊन गेलेला. डोंगराकडे जातो, तिथेही तेच. खरा बाप म्हातारा होतो, एखाद्या वाटेवर महिनाभर फिरकत नाही, पोराला फट सापडते. आपला पाटील थकतच नाही. त्याने पोराला हाकललंही नाही आणि वाटही दिली नाही. गेल्या वर्षी मी हे बघायला हवं होतं. मी तुमच्यासारखीच त्याचे व्हिडिओ बघत बसले."

गोलाला एका बाजूला फट होती. तिथे त्यांनी बोट ठेवलं. "वास नाही तो एवढ्याच बाजूला."

ती बाजू आंबेडोहची होती. चंद्रकला परातीकडे बघत राहिली. आपण पोराला जपत होतो, आणि जपता जपता त्याला गावाच्या गोठ्याकडे ढकलत होतो, हे तिच्या आता ध्यानात आलं.

"नदीकडचे डबे काढू," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्या दोन बाजू चालू ठेवू, म्हणजे तो काळपट नर एवढ्यात आत येणार नाही. पोराला एक दार उघडं करून द्यायचं. जाईल की नाही, ते आपल्या हातात नाही. नदीपलीकडे दुसरे वाघ आहेत, माणसं आहेत. मी खात्री देत नाही."

मॅडम रेंजरसाहेबांना फोन करायला बाहेर गेल्या. जान्हवीने तांदळातला तो गोल हाताने मोडला आणि पुन्हा खडे शोधू लागली.

"बारक्याचं बरं आहे," ती म्हणाली. "त्याच्यासाठी अमरावतीवरून डॉक्टर येते."

जान्हवी वीजतंत्री झाली होती, वर्गात पहिली आली होती. वेंगुर्ल्याच्या समुद्रात नव्या पवनचक्क्या उभ्या राहत होत्या आणि तिथे तिची दोनदा निवड झाली होती. पहिल्या खेपेला चंद्रकला म्हणाली होती, तुह्या बाबाले चाललं नसतं. त्याले पान्याची लय भीती होती. जान्हवी राहिली. आता दुसरी खेप होती, आणि कालच जेवताना पुन्हा तेच वाक्य होऊन गेलं होतं.

"त्याचं येगळं आन् तुहं येगळं," चंद्रकला म्हणाली.

"काय येगळं आहे? बाबा गेला तवा मी पयलीत होती. मले त्याचा आवाजबी आठवत नाई. मैतरिनीच्या लग्नाले नागपूरले जायचं, बाबाले चाललं नसतं. केस कापायचे, बाबाले चाललं नसतं. त्याले काय चाललं असतं आन् काय नाई, हे सारं तूच बोलून रायली, आई. त्याच्या नावानं."

जान्हवीचा आवाज खाली आला.

"थ्या दाराशीच्या चपला तरी बाबाच्या आहेत का? त्यानं पायातबी नाई घातल्या थ्या. मले माहीत नाई का? मी होती ना तुह्यासंग बाजारात. दुकानदारानं नंबर इचारला तं तू लय येळ गप्प होती."

"मंग काय करायले पायजे होतं मी?" चंद्रकलेचे डोळे भरून आले. "दार उघडं टाकून बसायचं होतं?"

"नाई वो." जान्हवी परात बाजूला सारून तिच्याजवळ सरकली. "थ्या चपलांनंच आपल्याले सांभाळलं. मी कवाच नाव ठेवनार नाई त्याले. पन आता मी लहान आहो का, आई?"

तेवढ्यात मॅडम आत आल्या आणि चष्मा कुठे ठेवला म्हणून विचारू लागल्या. तो त्यांच्या कपाळावरच होता. दोघी मायलेकी डोळे पुसता पुसता हसल्या आणि बोलणं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रकला नदीकाठी गेली. डबे सोडवले, पण वास झाडाच्या सालीत मुरला होता. मॅडमनी दिलेलं द्रावण आणि काथ्याचा ब्रश घेऊन ती एकेक झाड घासू लागली. ऐनाची खरबरीत साल, तिच्या भेगाभेगांत दोन वर्षांचा पाटील भरलेला. घासता घासता भाताचा तो गोड वास एकदम उसळून वर आला आणि मग हळूहळू विरत गेला. गेल्या दोन वर्षांत तिला पाटील मेल्यासारखा वाटलाच नव्हता. त्याला जाळलं तेव्हा न आलेलं रडू आता आलं, आणि आसपास कुणी नव्हतं म्हणून तिने ते येऊ दिलं.

"पाटील," ती झाडाला म्हणाली, "लय केलं तुमी लेकरायसाठी. आता जाऊ द्या पोराले."

एका डब्यातली पिचकारी काढून त्याचं नुसतं नाक तिने तिथे परत बांधलं, कोण येतं ते कळावं म्हणून.

मग ती आंबेडोहमध्ये घरोघर फिरली. काही दिवस गुरं रानात सोडू नका, गोठ्यात बांधा, चारा मी आणून देते. ताराबाईने आधी तिला गायीवरून चांगलंच झापलं. मग चहा टाकला. "तुह्या पोट्ट्याले सांग म्हना, आता सोताचं कमवून खाय," ती म्हणाली. पण गुरं बांधली, आणि शेजाऱ्यांनाही बांधायला लावली.

बारक्या नदीकडे फिरकेना. चंद्रकलेच्या जिवाला घोर लागला. एका दुपारी तो कॅमेऱ्यात दिसला. धुतलेल्या ऐनाजवळ आला, हुंगलं, मागे सरकला, पुन्हा हुंगलं. कालपर्यंत जिथे बाप होता तिथे आता कुणीच नव्हतं. तो झाडासमोर बसला आणि ऊन उतरेपर्यंत बसून राहिला. मग आला तसा परत गेला. जान्हवीने आईच्या खांद्यावरून ते पाहिलं.

पुढचे काही दिवस असेच गेले. गोठ्याच्या वाटेवर त्याचे ताजे ठसे उठले, तेव्हा साहेबांचा फोन आला की पिंजरा मागवून ठेवतो. चंद्रकला त्या दिवशी जेवली नाही.

आणि मग ती नाल्याच्या बाजूला नळकांडी बदलत असताना मोबाईल वाजला. नदीकाठच्या नाकाला ताजा फवारा लागला होता. पडद्यावर नाव आलं, पाटील, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

चंद्रकलेने हातातली नळकांडी खाली ठेवली. क्षणभर तिला खरंच वाटलं, की तो आला. तिने मॅडमना फोन लावला.

पलीकडे मॅडम हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज भिजला. "चंदाताई, बारक्या आहे तो. त्याने आजवर कधी फवारा मारलाच नव्हता, म्हणून नाकाला त्याचा वासच ठाऊक नाही. नाकाने सगळ्यांत जवळचं नाव दिलं. पोराच्या अंगात बाप थोडा असतोच ना! आता ते प्रश्नचिन्ह काढून नवं नाव घालू या. घालू ना?"

"घाला," चंद्रकला म्हणाली. "बारक्याच घाला. मोठं नाव नोको."

लवकरच काठच्या वाळूत त्याचे ठसे सापडले. एकाच दिशेने, पाण्यात उतरणारे, परत न आलेले. चंद्रकलेने त्या ठशात आपला पंजा ठेवून पाहिला. बोटं पसरूनही तो भरला नाही. पलीकडच्या काठाच्या वनरक्षकाने पाठवलेल्या चित्रात एक भिजलेला जवान वाघ उंच गवतात उभा होता आणि मागे वळून पाण्याकडे बघत होता. "तुमचा पाहुणा पोचला," त्याने लिहिलं होतं. त्या वाघाचं पुढे काय होईल, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण पिंजरा आला तसा रिकामा परत गेला.

बाकीच्या डब्यांतला वास मग ठरल्याप्रमाणे कमी होत गेला, आणि या खेपेला कुणीही सबब काढली नाही. पावसाळ्याआधी तो काळपट नर नाला ओलांडून आला. नकटीने त्याला पहिल्यांदा चांगलंच फटकारलं. नंतर दोघं एकाच पाणवठ्यावर दिसू लागली. चिंधीने आईच्या शेजारचा डोंगर धरला.

जान्हवीच्या निघण्याच्या सकाळी चंद्रकला अंगणात आली आणि थबकली. उंबऱ्याशी चपला नव्हत्या. त्यांच्या जागी जमिनीवर तेवढा भाग फिकट राहिला होता.

"जान्हवी! चपला कोनं नेल्या?"

"मी." जान्हवी बॅगेची चेन ओढत बाहेर आली. "बॅगेत आहेत. तठी खोली घेतली मी, एकटीच रायनार. दाराशी काई तं पायजे ना?"

चंद्रकला तिच्याकडे बघत राहिली. मग तिने बॅगेची चेन पुन्हा उघडली, चपला बाहेर काढल्या, पदराने पुसल्या आणि कागदात नीट गुंडाळून परत ठेवल्या.

"एकाच जागी ठेवू नोको," ती म्हणाली. "हालवत राय."

"हाव."

"पावसात जरासा चिखल लावजो तळाले."

"आई, मले माहीत आहे. सारं लहानपन तेच पायलं ना मी."

एसटी वळणावर दिसली. डांबरी रस्त्याच्या मधोमध आता कुणी चालत नव्हतं, त्यामुळे ती वेळेवर आली. जान्हवी वाकून पाया पडली. उठताना तिने हळूच विचारलं, "बाबाले चाललं असतं का वो?"

चंद्रकलेच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं.

"बाबाचं मले माहीत नाई," ती म्हणाली. "मी म्हनून रायली. जाय."

गाडी जंगलाआड गेली तरी ती थोडा वेळ उभी होती. मग बीटवर जाऊन आली, नाल्याची वाळू बघून आली, आणि दुपारी भुकेजून घरी परतली. सवयीप्रमाणे बूट हातात घेऊन ती खाटेखाली ठेवायला निघाली, पण उंबऱ्यातच थांबली. मागे वळली आणि त्या फिकट जागेवर आपले चिखलाने माखलेले बूट नीट जोडून ठेवले. आज पहिल्यांदाच ते बाहेर होते. ज्याला बघायचं त्याने खुशाल बघावं, असं म्हणून ती आत गेली आणि एकटीपुरता चिन्नोर शिजत घातला.